हसाजीचा तिसरा

मुरबाड, ता. ९ नोव्हेंबर १९३८
कार्तिक वद्य द्वितीया (तारीख तुझ्यासाठी, तिथी माझ्यासाठी)

चि. कमळाकर,

आशीर्वाद. सात वर्षांनी तुझे पाकीट आले, म्हणून तुझ्या वहिनीने ते आधी देवापुढे ठेवले. मग मी फोडले. आत कायद्याचा मसुदा निघाला. तिला वाटले होते, मुलाच्या मुंजीचे आमंत्रण असेल. पोर पंधरा वर्षांचे झाले तरी तिची आशा सुटलेली नाही.

मसुदा दोनदा वाचला. अठरा वर्षांखालील मुलाची धर्माच्या कारणासाठी सुंता करणे हा गुन्हा समजावा, करणाराला सहा महिने आणि बापालाही सहा महिने. भाषा स्वच्छ आहे; लहानपणी माझ्याकडून छड्या खाल्ल्यास त्याचे चीज झाले. शारदा कायद्याने लग्नाचे वय ठरवता येते तर हे का नाही, हा तुझा मुद्दा कळला. मूल आठ दिवसांचे असते, त्याला कोणी विचारत नाही, हाही कळला. तुझे कान टोचले तेव्हा तू बारा दिवसांचा होतास आणि तुझे डोके मी धरले होते. मीही तुला विचारले नव्हते. यावर तू म्हणशील, कान टोचून कोणी मेल्याचे ऐकले नाही. तिथे मात्र मी गप्प बसेन.

गप्प बसेन, कारण हसाजीचा दुसरा मुलगा माझ्या डोळ्यांदेखत गेला.

तू शहापूरचा दवाखाना सोडून मुंबईला गेलास त्याला पाच वर्षे झाली, म्हणून इकडची हकीकत लिहितो. हसाजी सापगावकराचा घाणा अजून आमच्या आळीच्या टोकाला आहे आणि त्याच्या खुरासणीच्या तेलाला अजून तोच वास आहे. लोक त्याला अजून शनवार तेली म्हणतात. तो यहुदी आहे, बेने इस्राएल, शनिवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही, हे सगळे सांगत बसण्यापेक्षा ते सोपे पडते. त्याचा पहिला मुलगा तानशाला दगावला, त्याच्या बायकोच्या, राहेलच्या माहेरी. तिचा बाप तिथे धरणावर मिस्त्री आहे. शहापूरहून तुला बोलावणे गेले होते, हे मला मसुद्याला जोडलेल्या तुझ्या टिपणावरून आज कळले.

दुसरा इथे, तीन वर्षांपूर्वी. आठव्या दिवशी ठाण्याहून मोहेल आला, म्हणजे त्यांच्यातला सुंता करणारा. मी नारळ घेऊन ओटीवर बसलो होतो. आत एलियाहू पैगंबरासाठी एक खुर्ची मांडली होती. तिच्यावर कोणी बसत नाही. प्रार्थना झाली, मूल रडले, लोकांनी मलिदा खाल्ला, मी केळे खाल्ले. दुपारी मुलाचे रडणे थांबले, ते मला चांगले लक्षण वाटले. मग बारकी सुईण बाहेर आली. हातात फडके होते ते तिने पाठीमागे धरले आणि म्हणाली, "बुवा, रगत थांबत नाय. तुमच्या पोथीत काय हाय का?"

माझ्या पोथीत काही नव्हते. कल्याणची मोटार गेलेली होती.

आता राहेलला पुन्हा नववा चालू आहे. परवाच्या ग्रहणात आळीतल्या बायकांनी तिला विळीला हात लावू दिला नाही. यहुद्यांना ग्रहण पाळावे लागते का, असे तिने कोणाला विचारले नाही.

तू म्हणतोस, दोन मुले अशी गेली असे हसाजीने सहीनिशी सांगितले की तुमच्या बालरक्षण सभेचा एक सभासद विधिमंडळात मसुदा मांडायला तयार आहे. मी विचारले. हसाजी बैलामागे फिरत होता. दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाला, "दाक्तरांना सांगा, पोरं माझी होती. ती सरकारात नाय न्यायची."

"आणि तिसरा?"

"मुलगा झाला तर त्याचं पन करायचं. देवाशी करार हाय तो, आमच्या बापाच्या बापापासून. मी तोडनारा कोन?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला वाद घालता आला असता.

तेव्हा सही मिळाली नाही. तेल मिळाले. वहिनीचा आशीर्वाद.

तुझा,
अण्णा


मुरबाड, ता. २० नोव्हेंबर १९३८
कार्तिक वद्य त्रयोदशी

चि. कमळाकर,

तुझे पत्र लहान पण तापलेले. मी तेल्याची बाजू घेतो असे तू म्हणतोस. तेल शुक्रवारीच घेऊन ठेवावे लागते, याहून त्याची माझ्यावर सत्ता नाही.

मला छळत होती ती गोष्ट वेगळीच. आमच्यात आजाऱ्याने एकादशी मोडावी असे शास्त्रच सांगते. बाळंतिणीला सूट, म्हाताऱ्याला सूट, प्रवाशाला सूट. खरे पाहता एकादशी करायला मी एकटाच उरतो. इतकी वर्षे टिकलेल्या शास्त्राला माणसे मरतात हे ठाऊक असतेच. मग यांच्याच शास्त्राला ते कसे ठाऊक नाही? हसाजीला विचारले. तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, आमी हिब्रू वाचतो, पाठ म्हनतो. अर्थ नाय लागत. तुमच्या यजमानांना तुमचं संस्कृत कळतं काय?"

टोमणा म्हणून म्हटले नव्हते, म्हणून जास्त लागले.

गेल्या मंगळवारी त्याला घेऊन ठाण्याला गेलो, त्यांच्या प्रार्थनामंदिरात. तिथले हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, शालोमजी म्हणून आहेत. वय सत्तरीचे, कान तिखट. तिथे डोके झाकून जावे लागते. माझ्या डोक्यावर पगडी होती, म्हणून मी पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झालो. मी विचारले, "एका आईची दोन मुले सुंतेत रक्त जाऊन गेली, तर तिसऱ्याचे काय करावे?"

त्यांना आठवावेही लागले नाही. "तिसऱ्याची करायची नाही. तो मोठा होऊन अंग धरील तोवर थांबायचं. थांबलं तर चालेल असं नव्हे हं. थांबलंच पाहिजे."

हसाजी भिंतीला टेकला. "मग दुसऱ्या वेळी का नाय बोललात?"

"दुसऱ्या वेळी या कामात कोणी गेलेलं नव्हतं, हसाजी. पहिला तापानं गेला, असं तुम्हीच कळवलंत."

मग परतीच्या मोटारीत त्याने मला सांगितले. पहिल्या वेळी सुरी राहेलच्या सख्ख्या मामाच्या हातात होती. त्याला कोणी बोल लावू नये म्हणून दोन्ही घरांनी ठरवून ताप आल्याचे सांगितले. मामाने त्यानंतर सुरी धरली नाही. कल्याणला खिडक्यांच्या चौकटी करतो. पण जमातीच्या लेखी पहिला तापाने गेला तो गेलाच. म्हणजे रक्ताने गेला तो एकच, आणि एकाला सूट नाही.

शालोमजी निघताना म्हणाले होते, "आता बाप म्हणेल, तेही रक्तच होतं. लोक म्हणतील, पोरगा वाचवायला गोष्ट फिरवली. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि ज्याला यात काही मिळवायचं नाही, असा कोणी आणा."

पाहिलेला माणूस एकच आहे. मिळवायचे नाही असे मात्र त्याच्याबद्दल म्हणता येत नाही, कारण तो तू.

मला दोन ओळी हव्यात. तानशाचे मूल मी पाहिले, रक्तस्रावाने गेले, ताप नव्हता. खाली सही. त्या दोन ओळींनी तुझ्या मसुद्याचा भक्कम खांब निखळतो, हे मला कळते. उद्या कोणी उठून म्हणेल, यांच्या शास्त्रातच सोय आहे, कायदा हवा कशाला? तरी दे. आणि बाळंतपण होऊन आठवा दिवस उलटेपर्यंत वर्तमानपत्रात एक अक्षर छापू नकोस. हसाजी आता कुठे थांबायला कबूल झाला आहे. आपल्याच धर्माने थांबवले असे त्याला वाटू दे. सरकारने थांबवले असे वाटले, तर तो थांबणार नाही.

तुझा,
अण्णा


मुरबाड, ता. २९ नोव्हेंबर १९३८
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

चि. कमळाकर,

पंचमीला सकाळी राहेलला मुलगा झाला. लहानसा आहे, पण आवाज आळीभर पुरतो. आठवा दिवस द्वादशीला येतो.

तुझ्या दोन ओळी शालोमजींना पोचल्या. त्यांनी हसाजीला कळवले, मनाई आहे, मुलाला हात लावू नका. तू मला खाली वेगळे लिहिलेस: "ज्या शास्त्राला डोळे उघडायला दोन प्रेते लागतात, त्याला काय म्हणायचे ते संस्कृतात सांगा." संस्कृतात सांगता येत नाही. मराठीतही येत नाही. तुझा कायदा सहा वर्षांपूर्वी असता, तर पहिले दोघे आज घाण्याभोवती बैलाच्या शेपटीला लोंबकळत असते. हे मी मान्य करतो. वाटल्यास माझी सही घे.

पण त्याच दिवशी तू वर्तमानपत्रालाही लिहिलेस. काल अंक आला. "मुरबाड येथील ह. स. नावाच्या तेल्याची दोन अर्भके." कमळाकर, अशी अक्षरे असलेले तेली मुरबाडला किती आहेत, असे तुला वाटते?

हुसेनमिया शिंप्याने तो मजकूर चहाच्या दुकानात मोठ्याने वाचला आणि तडक घाण्यावर गेला. आजवर त्या दोघांत कोटाच्या मापापलीकडे बोलणे नव्हते. म्हणाला, "हसाजीभाऊ, आता मागं नका सरू. आज तुमच्यावर आलं, उद्या आमच्यावर." राहेलचा बाप तानशाहून आला तो हेच घोकत आला. हसाजीची आई साराबाई तर कालपर्यंत नातवाला कोणी हात लावू नका म्हणत होती. आज म्हणते, "सरकारनं डोळे वटारले म्हून देवाला नाय म्हनायचं?"

मी हसाजीला म्हटले, तुझ्याच हझानांनी मनाई केली आहे.

"ठाऊक हाय. पन आता थांबलो तर काय दिसल? दाक्तरांच्या कायद्याला भ्यालो. पोरगा मोठा झाला की त्याला चारचौघांत सांगतील, तुझ्या बापानं सरकारपायी तुला जमातीबाहेर ठेवला."

"आणि मोठा झालाच नाही तर?"

त्याने बैलाची दोरी हातात गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाला, "शास्त्रीबुवा, समजा उद्या कायदा आला, मुंजी बंद. तुमचा पोरगा तापानं फणफणलाय. तुमचं शास्त्र बोलतं, थांबा. तुमी थांबाल?"

मी त्याला उत्तर दिले नाही. तुला देतो. थांबलो नसतो. अंथरुणावर मुंज लावली असती. सात वर्षांपूर्वी पळसाचा दंड नि लंगोटी घेऊन तुझ्या शहापूरच्या दारात उभा राहिला आणि तू आत घेतले नाहीस म्हणून तिथूनच परतला, तो मीच. तेव्हा तर कायदाही नव्हता, नुसता तू होतास.

म्हणून सांगतो, मागे घे. कायमचा घे असे म्हणत नाही. त्याच वर्तमानपत्रात दोन ओळी दे, नाहीतर मला पत्र पाठव, मी ते सर्वांसमोर वाचीन. ठाण्याचा मोहेल यायला नाही म्हणाला, तर हसाजीने कल्याणला माणूस पाठवून मामाला बोलावले आहे. सहा वर्षे ज्याने सुरीला हात लावला नाही, त्याला. शालोमजी अडवायला येणार आहेत, पण सत्तरीचा माणूस किती जणांचे हात धरील?

राहेलला कोणीच काही विचारलेले नाही. ती मूल खाली ठेवत नाही.

अण्णा


मुरबाड, ता. ४ डिसेंबर १९३८
मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी, दिवेलागण

चि. कमळाकर,

तुझे उत्तर आले नाही. सकाळी पूजा अर्धी टाकून पगडी घातली आणि गेलो. वहिनी म्हणाली, "तुमचं तिथं काय काम?" मी म्हटले, नारळ द्यायला जातो.

एलियाहूची खुर्ची मांडलेली होती. मामा आलेला होता. धडधाकट सुतार माणूस. पण मांडीवर एक कापडी गुंडाळी होती आणि ती तो दोन्ही हातांनी दाबून धरत होता, आतून काही निसटेल तशी. शालोमजी उभे राहून म्हणाले, "हे करणं म्हणजे आज्ञा मोडणं आहे. मी आशीर्वाद म्हणणार नाही."

राहेलचा बाप म्हणाला, "हझानसाहेब, हे दाक्तरनं छापायच्या आधी बोलला असतात तर ऐकलं असतं."

ओटीवर आळीतली माणसे, त्यात हुसेनमिया. कोणी वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम लिहितो. प्रत्येक जण त्या पोरासाठीच आला होता.

हसाजी आतल्या दाराशी गेला आणि दोन्ही हात पुढे केले. राहेल दिसत नव्हती, आवाज आला. "नाय देनार."

"राहेल, लोक बसलेत."

"बसू देत."

साराबाई उठली. ती आत गेली असती तर मूल बाहेर आले असते. राहेल सासूला कधी नाही म्हणालेली नाही.

तेव्हा मी बोललो. "थांबा. माझ्या भावाचे पत्र आले आहे."

खिशात कागद होता. पंचांगाच्या छापखानेवाल्याचा, ग्रहणाचे कोष्टक चुकले म्हणून मी त्याला झाडले होते, त्याची त्याने मागितलेली माफी. तो उघडला आणि वाचू लागलो. मायना घातला, "तीर्थस्वरूप अण्णांस शिरसाष्टांग नमस्कार." तुला ओळखणाऱ्या कोणालाही तिथेच संशय यायला हवा होता. पुढे वाचले, मसुदा मी मागे घेतला आहे, सभासदांना तसे कळवले आहे. हसाजीरावांचे नाव निघाले याचे मला वाईट वाटते. त्यांच्या मुलाचे काय करावे हे त्यांच्या शास्त्राने ठरवावे, त्यात बोलायचा मला अधिकार नाही. हे शेवटचे वाक्य तू जन्मात लिहिले नसतेस, म्हणून मी ते दोनदा वाचले.

तीस वर्षे लोकांना सत्यनारायणाच्या पूजा सांगितल्या, आणि यहुद्याच्या घरात, त्यांच्या पैगंबराच्या खुर्चीपुढे उभा राहून धडधडीत खोटे बोलत होतो.

"सही हाय खाली?" राहेलच्या बापाने विचारले.

"आहे," मी म्हटले. होतीच. छापखानेवाल्याची.

हुसेनमिया ओटीवरून म्हणाला, "मग आता भांडन कुनाशी? हझानसाहेब सांगतील तसं करा."

हसाजीचे हात अजून पुढेच होते. ते त्याने हळूहळू खाली घेतले. म्हणाला, "हझानसाहेब, तुमी काय बोलला होतात, ते सगळ्यांसमोर पुन्यांदा बोला." शालोमजींनी शब्दन्‌शब्द पुन्हा सांगितले. मग मुलासाठी प्रार्थना म्हटली आणि त्याचे नाव दाविद ठेवले. मूल सबंध वेळ आईच्याच हातात होते. मामाने गुंडाळी न उघडता बगलेत मारली आणि सर्वांच्या आधी मलिदा मागितला. दोनदा मागितला.

मी अंगणात वहाणा घालत होतो. शालोमजी शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, "शास्त्रीबुवा, ठाण्याचं पोस्ट रविवारी बंद असतं. मुरबाडला वाटतं टपाल देतात."

कमळाकर, मी तिथीवर जगणारा माणूस. पंचांगाच्या पाच अंगांत वार हे एक अंग आहे, असे मी गावाला पढवतो. आज द्वादशी एवढेच माझ्या डोक्यात होते. मी एक वहाण घातलेली, एक हातात, असा उभा राहिलो.

मागे हसाजी होता, पाहुण्यांच्या हातावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन. त्याने ऐकले. माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाला, "हझानसाहेब, आमच्या मुरबाडचं पोस्ट शनवारी बंद ऱ्हातं. आइतवारी चालू."

शालोमजींनी हात पुढे केले, पाणी घेतले. "असेल," ते म्हणाले. "मी ठाण्याचा. इथलं मला काय ठाऊक?"

तेव्हा परिस्थिती अशी. तुझा मसुदा मुरबाड तालुक्यापुरता मी मागे घेतला आहे. बाकी मुलखात तो तुझा आहे. तुझे म्हणणे खोडून काढले असे मला मुळीच वाटत नाही. आज रात्री कुठेतरी कोणाचा तरी पहिला मुलगा आठव्या दिवसाची वाट पाहत निजला असेल, आणि त्याला वाचवायला ना शालोमजींची मनाई उपयोगी, ना माझे खोटे. त्याचे काय करावे हे मला सुचत नाही. तुला एक उपाय सुचला आहे, आणि त्याच उपायाने आज हे पोर जवळजवळ गेले होते. दोन्ही खरे आहे. मी दोन्ही घेऊन घरी आलो आणि वहिनीने वाढलेले जेवलो.

आता एक निकडीचे काम. राहेलच्या बापाला तुझे पत्र तानशाला न्यायचे आहे, तिथल्या मंडळींना दाखवायला. मी म्हटले, नक्कल करून देतो. तो म्हणाला, नक्कल नको, खरेच द्या. शुक्रवारी सकाळच्या मोटारीने तो निघेल, आणि मूल पुढची बारा-तेरा वर्षे इथेच वाढायचे आहे, या माणसांत.

तरी हे पत्र मिळताच तू एक पाठव. काय लिहावे याची चिंता करू नकोस. मजकूर मुरबाडला पाठ आहे.

तुझा,
अण्णा